सुभद्रेची मोजपट्टी

आमच्या घरात एक वाद कधी संपला नाही. ‘संगीत सौभद्रा’तली सुभद्रा खरी कोणाची? पणजोबांचा कौल भाऊराव कोल्हटकरांना होता, असं आजोबा सांगत. आजोबा स्वतः बालगंधर्वांचे. अर्थात ते ‘बालगंधर्व’ म्हणत नसत. ‘नारायणराव’ म्हणत, तेही घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. मग स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येई, “मी हिराबाईंची पाहिली आहे हो.” त्यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं, “हिराबाई गायल्या सुरेखच. पण त्या हिराबाईच राहिल्या, सुभद्रा नाही झाल्या.”

लहानपणी मला हे उत्तर पटायचं. पुढे नटांची आत्मचरित्रं आणि जुन्या रसिकांच्या आठवणी वाचू लागलो तेव्हा ते खुपू लागलं. एका बाईने केलेली बाईची भूमिका खरी वाटत नाही आणि पुरुषाने केलेली वाटते, यात नेमकं काय मोजलं जात होतं?

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले, पूर्ण नाटक पुढल्या वर्षी झालं. कथा साऱ्यांच्या ओळखीची. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादाने लग्न ठरवलं दुर्योधनाशी, आणि कृष्णाने घातलेला घोळ कृष्णानेच सोडवला. मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाला नाकारणारी मुलगी नायिका म्हणून उभी राहिली, आणि दोनच वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंचा खटला सुरू झाला. नाटकाचा त्या खटल्याशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. अण्णासाहेबांना प्रेक्षकांना हसवायचं होतं आणि गाणी ऐकवायची होती. पण बायकांच्या राखीव जागेत बसून सुभद्रेचा आकांत ऐकणाऱ्या मुलींच्या मनात काय आलं असेल, हे कोणी टिपून ठेवलं नाही. आठवणी लिहिल्या त्या बहुतेक पुरुषांनी.

त्या आठवणींतली पहिली सुभद्रा म्हणजे बडोद्याहून आणलेला, जेमतेम विशीतला भाऊराव. त्याच्या आवाजाबद्दल सारे एकाच सुरात लिहितात: उंच, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. वय वाढल्यावर त्याने लुगडं सोडलं. १८९९ च्या ‘शारदे’त तो कोदंड झाला. फेब्रुवारी १९०१ मध्ये तो वारला. ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू केलं १९०२ च्या नोव्हेंबरात. म्हणजे पावणेदोन वर्षांची चुकामूक. भाऊरावाची सुभद्रा आज आहे ती फक्त तुलनेत. ‘नारायणराव गोड खरे, पण भावड्याची फेक नाही’ असं म्हणणारे पणजोबांसारखे लोक होते तोवर तो आवाज होता. ते गेले, आणि तुलनेचं एक पारडंच नाहीसं झालं.

बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. नवी नाटकं आली तरी ‘सौभद्र’ चालूच राहिलं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झालं, तशी ‘संयुक्त सौभद्रा’तही अर्जुन केशवराव आणि सुभद्रा बालगंधर्व अशी जोडी उभी राहिली. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांच्याशी पुढे सुभद्रेविषयी वाद घालण्यात अर्थच उरला नाही.

बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, पण एका बाजूला मिनिटं तीन-साडेतीन. नाट्यगृहात तेच पद ‘वन्समोअर’ घेत घेत कितीतरी लांबे, ऑर्गन आणि सारंगीच्या साथीने दर वेळी नवं वळण घेई. आजोबा तबकडी लावत आणि ती संपली की म्हणत, “इथून पुढे खरं सुरू व्हायचं.” मी त्या ‘इथून पुढे’वर फार वर्षं विश्वास ठेवला. अजूनही ठेवतो, थोडा सावधपणे.

गोष्ट गाण्यापुरती राहिली नव्हती. बालगंधर्वांचे शालू, पदर घेण्याची लकब, केसांतली फुलं हे सारं सुखवस्तू घरांतल्या बायका उचलत होत्या. बाईने कसं दिसावं, कसं लाजावं, याचा नमुना एका पुरुषाने घडवला आणि खऱ्या बायकांनी तो गिरवला. मग स्टेजवर बाई आली तेव्हा तिला लावायची मोजपट्टी आधीच तयार होती.

बाई काही एकदम आली नाही. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत होत्या. पांढरपेशा रसिकाने त्यांना इतिहासात तळटीपेपुरती जागा दिली. १९३० च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी भाऊ सुरेशबाबू माने आणि बहिणींसह नाटकं उभी केली, त्यात ‘सौभद्र’ होतं. स्त्री-पुरुष एकत्र, बाईची भूमिका बाईकडे. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने जी वाट मोठी केली, तिच्यावर हिराबाईंनी आधीच पाऊल टाकलं होतं. किराण्याची त्यांची स्वरलावणी शांत, मुरकण्याला तिच्यात जागाच नाही. आजोबांना जे खटकलं ते बहुधा हेच. सुभद्रा लाजताना त्यांना नारायणराव दिसायला हवे होते.

पुढे जयमालाबाई शिलेदार बालगंधर्वांच्या सहवासात शिकल्या, त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये शिलेदार दांपत्याने ‘मराठी रंगभूमी’ काढली, आणि जयमालाबाईंची सुभद्रा कन्या कीर्तीकडे आली. या मायलेकींना मिळालेली सर्वांत मोठी दाद कोणती? ‘गंधर्वांची आठवण झाली.’ दोघींनी ती कृतज्ञतेने घेतली. गुरूच्या नावाने मिळालेली दाद कोण नाकारील! कीर्तीताईंचा प्रयोग मी स्वतः पाहिला आहे. गात असताना त्यांच्या मनात अर्जुनाचा विचार चालू असलेला दिसे. त्या क्षणी मला कोणाचीच आठवण झाली नाही, आणि शेजारचे गृहस्थ डोळे पुसत “अगदी गंधर्व, अगदी गंधर्व” म्हणत होते तेव्हा मी थोडा चिडलोच.

तेव्हा आजीची आठवण आली, ती घरी परतल्यावर. तेरा-चौदा वर्षांची असताना तिच्या आईने तिला हिराबाईंच्या ‘सौभद्रा’ला नेलं होतं. काय आवडलं, असं मी एकदा विचारलं होतं. गाण्याबद्दल ती फारसं बोलली नाही. म्हणाली, “दादाने लग्न ठरवल्याचं कळतं ना तिला, तेव्हा हिराबाई नुसत्या उभ्या राहिल्या. काही केलं नाही. माझ्या आईने माझा हात घट्ट धरला होता.” त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं होतं.

आजोबा तिथेच बसले होते. ते उठले आणि तबकडीची बाजू उलटली.