थायलंडमधील गोरेपणाचा ध्यास आणि तरुणींची ओळख

थाई भाषेत गोऱ्या कांतीला ‘फिव खाओ’ म्हणतात. ‘खाओ’ म्हणजे पांढरा. बँकॉकमधील प्रसाधनांच्या दुकानांत साबण, मलम आणि गोळ्यांपासून काखेत लावायच्या द्रव्यापर्यंत त्वचा उजळ करण्याचे आश्वासन देणारी असंख्य उत्पादने आढळतात. तरुणी हा त्यांचा मोठा ग्राहकवर्ग आहे.

थायलंड कधीही युरोपीय सत्तेची वसाहत नव्हता. त्यामुळे या ध्यासाचे मूळ केवळ पाश्चात्त्य प्रभावात शोधता येत नाही. भातशेतीवर जगणाऱ्या समाजात उन्हात राबणाऱ्यांची कातडी रापत असे. दरबारी व सधन घराण्यांतील माणसे मात्र सावलीत वावरत. गोरेपणा अशा रीतीने श्रममुक्त जीवनाची खूण ठरला. पुढे नागरी व्यापारात चिनी वंशाच्या कुटुंबांचे वजन वाढले. चित्रपट व मालिकांत त्यांच्या वंशजांबरोबर ‘लूक ख्रुएंग’, म्हणजे थाई आणि परदेशी पालकांची संतती, नायक-नायिका म्हणून झळकू लागली. अलीकडे त्यात कोरियन कलावंतांच्या रूपाचीही भर पडली आहे.

या आदर्शाची झळ ईशान्येकडील ईसान प्रदेशातील मुलींना विशेष बसते. लाओशी जवळीक असलेली भाषा बोलणाऱ्या या शेतीप्रधान भागातून अनेकजणी कामासाठी बँकॉकला येतात. तेथे सावळा वर्ण गरिबी आणि खेडवळपणाशी जोडला जातो. त्वचा उजळवण्याची त्यांची धडपड युरोपीय दिसण्यासाठी नसून बहुधा शहरी व प्रतिष्ठित दिसण्यासाठी असते. मात्र त्यासाठी आपल्या प्रदेशाची, आईवडिलांच्या कष्टाची खूणच पुसावीशी वाटणे, हा ओळखीचा प्रश्न बनतो.

जाहिरातींनी ही भावना वारंवार वापरली. २०१३ मध्ये ‘सिट्रा’ या उत्पादनाच्या विद्यापीठीय विद्यार्थिनींसाठीच्या स्पर्धेवर टीका झाल्यावर युनिलिव्हरच्या थायलंड शाखेने माफी मागितली. जानेवारी २०१६ मध्ये ‘सोल सीक्रेट’ कंपनीने गोरेपणामुळेच यश मिळते, अशा आशयाची जाहिरात प्रसिद्ध केली. थाई नागरिकांच्याच संतापामुळे ती मागे घ्यावी लागली.

आरोग्याचा धोकाही गंभीर आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनची निर्मिती पारा आणि हायड्रोक्विनोन रोखतात. पारा शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. हायड्रोक्विनोनच्या दीर्घ, अनिर्बंध वापराने त्वचेवर निळसर काळे डाग पडू शकतात. थायलंडमध्ये गोरे करणाऱ्या प्रसाधनांत या दोन्हींना बंदी आहे, तरीही बेकायदा मलमे विकली जातात. गोरेपणासाठी ग्लुटाथिओनची इंजेक्शने घेणाऱ्याही अनेक आहेत. त्या उपयोगासाठी तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाही.

सौंदर्याची व्याख्या मात्र सावकाश रुंदावते आहे. २०१४ मध्ये सावळ्या वर्णाची नॉन्थावान थोंगलेंग ‘मिस थायलंड वर्ल्ड’ ठरली. आपल्या रंगामुळे संकोचणाऱ्या मुलींना धीर द्यावा, अशी इच्छा तिने जाहीरपणे व्यक्त केली. पाऱ्याच्या मलमांना कायद्याने आळा घालता येतो. सावळ्या मुलीला घरात, वर्गात आणि नोकरीच्या मुलाखतीत मिळणारी वागणूक बदलण्याचे काम मात्र थाई समाजालाच करायचे आहे.