फुकट तपासणीला बाया का येत नाहीत?

गावात तपासणीचं शिबिर लागतं, पैसा द्यावा लागत नाही, तरी खुर्च्या रिकाम्या राहतात. मग "बायांना तब्येतीची किंमतच नाही" असं बोललं जातं. आम्ही बचत गटाच्या बाया हे मानत नाही. आपल्याच भागाचा इतिहास वेगळं सांगतो.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांना तपासायचं ठरवलं. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, हे तेव्हा घरातही कोणी बोलत नसे.

त्यांनी त्रास असलेल्यांनाच नाही, गावातल्या सगळ्याच बायांना बोलावलं. आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. एकटी आजारी बाई निघाली, की गाव विचारतं, हिला काय झालं? सगळ्याच निघाल्या तर कोण कोणाला विचारणार! ६५० बाया तपासल्या गेल्या. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही आजार निघाला. त्रास नाही म्हणणाऱ्या शंभरात ४५ होत्या, आणि आधी कधी अशी तपासणी नि उपचार झालेल्या फक्त ८. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा जगाला कळलं.

आदिवासी लोक दवाखान्याला का भितात, हेही 'सर्च'ने लोकांनाच विचारलं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आणि पांढऱ्या कापडात तर आपण मेलेल्याला गुंडाळतो, असं उत्तर आलं. म्हणून शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला. नाव दिलं माँ दंतेश्वरी.

२०२३ मध्ये आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरवून. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसात रोवणी. त्या दिवसांत फुकटची तपासणी बाईला एका रोजीला पडते. शिवाय लग्नाच्या मुलीला सिकलसेल निघालं तर सोयरीक मोडेल, ही आईची धास्ती. नुसता वाहक माणूस आजारी नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक किंवा आजारी असले तर लेकराला आजाराचा धोका असतो. हे रक्त घेण्याआधी सांगायला हवं, नंतर नाही.

मागे एका शिबिरात रक्त घेतलं, रिपोर्ट आलेच नाहीत. पुढच्या वेळी त्याच बाया घरी राहिल्या, आणि बोल त्यांनाच लागला.

आमच्या गटात आता तारीख बायांना विचारून ठरते. बोलावणं बचतीच्या रजिस्टरवरून जातं, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. आणि रिपोर्ट कोण, कोणत्या दिवशी आणून देणार, हे शिबिरवाल्यांकडून आधीच लिहून घेतो.