नांदेड-४४ : एका बियाण्याची हार आणि परतीची वाट

१९८० आणि १९९०च्या दशकांत मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कपाशीचे कोणते बियाणे हवे असे विचारले, तर एक उत्तर वारंवार ऐकू येई : नांदेड-४४. कागदोपत्री त्याचे नाव एनएचएच-४४. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात, म्हणजे सरकारी प्रक्षेत्रावर सार्वजनिक पैशातून हे वाण तयार झाले. पुढे वीस-पंचवीस वर्षांत ते दुकानातून दिसेनासे झाले. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हापासून गोदावरीकाठची काळी जमीन कापसासाठी नावाजलेली होती. नांदेडात उस्मानशाही गिरणी उभी राहिली ती याच कापसाच्या बळावर. येथील ‘गावरानी’ हा देशी कापूस. देशी जातींचा धागा सहसा आखूड आणि जाडाभरडा असतो. गावरानीचा मात्र बारीक आणि लांब. परभणीला १९१८ मध्ये संस्थानाचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. पुढे गावरानी-६, गावरानी-१२, गावरानी-२२, गावरानी-४६ अशी निवड वाणे पुढे आली. ‘निवड’ हा शब्द साधा वाटतो, पण त्यामागचे काम चिकाटीचे असते. शेतातली एकेक उत्तम पऱ्हाटी हेरायची, तिची सरकी वेगळी पेरायची, पिढ्यान्‌पिढ्या रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी मोजायची, मर रोगाला बळी पडणारी झाडे काढून टाकायची. या कामात एका वाणामागे वर्षेच्या वर्षे जात.

स्वातंत्र्यानंतर गिरण्यांची मागणी अधिक लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीकडे वळली. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हे व्यापारी लागवडीचे जगातले पहिले संकरित कपाशी वाण दिले. १९७२ मध्ये परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेडचे केंद्र त्याच्याकडे आले. प्रश्न असा होता की, संकरित वाणांना पाणी आणि खत भरपूर लागे. मराठवाड्याची कपाशी मात्र पावसावर. मृगात पेरायचे आणि आभाळाकडे बघत बसायचे, अशी गत.

बीकानेरी नरमा ही मादी आणि एसी-७३८ हा नर यांच्या संकरातून नांदेड-४४ जन्मले. त्याची ताकद नेमकी इथल्या अडचणीत होती. तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना ते बऱ्यापैकी तोंड देई. पावसाच्या खंडात पाते-फुले गळाली, तरी पुढच्या सरीनंतर झाड पुन्हा बहरे. सलग चांगला पाऊस ज्या प्रदेशाच्या नशिबी क्वचितच, तिथे हा गुण लाखमोलाचा. महाराष्ट्राबाहेर आंध्रातही ते पसरले.

संकरित वाणाची एक अट मात्र कठोर असते. त्याची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही; पेरली तर झाडे एकसारखी निपजत नाहीत. बीजोत्पादनाच्या शेतात मजूर संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या सकाळी नराच्या फुलातले पराग तिच्यावर लावतात. हे काम दरवर्षी, फुलामागे फूल करावे लागते. सरकारी यंत्रणा ते करीत होती, तोवर दरवर्षी बियाणे विकत घेण्यात फारसा धोका नव्हता.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे जनुक मोन्सँटोकडून आले आणि खासगी कंपन्यांनी ते परवान्याने आपापल्या संकरित वाणांत घातले. नव्वदच्या दशकात बोंडअळीने पोळलेल्या शेतकऱ्याने ते उचलले, यात नवल नाही. दहाएक वर्षांत देशातील कपाशीचे सुमारे ९० टक्के क्षेत्र बीटीखाली गेले. नांदेड-४४ मध्ये ते जनुक नव्हते. पावसाचा खंड सोसण्याचा त्याचा गुण तसाच होता, पण बाजारात आता एकच प्रश्न विचारला जाई : बीटी आहे का?

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून सार्वजनिक क्षेत्राची बीटी कपाशी आली. जनुक बीकानेरी नरमात घातले होते, म्हणजे नांदेड-४४च्या मादीतच. २००८-०९ मध्ये बीकानेरी नरमा बीटी आणि पाठोपाठ बीटी नांदेड-४४ यांना मान्यता मिळाली. आनंद अल्पकाळ टिकला. तपासणीत त्या बियाण्यात मोन्सँटोच्या ‘मॉन-५३१’चे जनुक आढळले आणि बीजोत्पादन थांबवावे लागले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या डॉ. सुधीर सोपोरी समितीचा अहवाल डिसेंबर २०१२ मध्ये आला. त्यानेही भेसळीवर शिक्कामोर्तब केले. भारतीय कृषिविज्ञानाच्या इतिहासातला हा फार लाजिरवाणा प्रसंग. त्याची किंमत प्रयोगशाळेपेक्षा कोरडवाहू शेतकऱ्याने अधिक मोजली, कारण सरकारी बीटीचा पर्याय ऐन मोक्याला हातचा गेला.

शेजारच्या लातूर जिल्ह्याची गोष्ट याच्या अगदी उलट घडली. तिथल्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा परिसर एकेकाळी करडई-जवसाचा. पुढे सोयाबीनने सारे शिवार व्यापले. तेही सार्वजनिक वाणांच्या बळावर : जबलपूरच्या विद्यापीठाचे १९९४ चे जेएस-३३५, नंतर परभणीची एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२. सोयाबीनचे फूल स्वतःच फलित होते, त्यामुळे वाण सहजी बदलत नाही. म्हणून लातूरचा शेतकरी घरचे बियाणे राखतो, उन्हाळ्याअखेर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळतो आणि सत्तर उगवले तर निर्धास्तपणे पेरतो. जमीन तीच, हवामान जवळजवळ तेच. फरक एवढाच की, इथे बियाणे शेतकऱ्याच्या कणगीत राहिले.

२०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीजी-२ वाणांनाही दाद दिली नाही आणि महाराष्ट्रभर बोंडे पोखरली गेली. त्या अळीने प्रतिकारशक्ती कमावली होती. त्यामुळे कपाशीच्या सरळ वाणांची आणि देशी जातींची चर्चा पुन्हा जोर धरू लागली. परभणी विद्यापीठ आणि महाबीज यांच्या सहकार्याने नांदेड-४४ बीजी-२ रूपात परतले. त्यानंतर नांदेडच्याच केंद्राने एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ ही सरळ बीटी वाणे विकसित केली. त्यांची सरकी शेतकऱ्याला स्वतः राखून पुढच्या मृगात पेरता येते.