दोन भुजांचा ब्रेक

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. इंग्रजी अमदानींत बाशीम या नांवानें तें एका जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा अकोल्यांत मिळविण्यांत आला आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकारभाराच्या सीमा अशा बदलल्या, तरी जमीन तीच राहिली. येथील कापसाची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि मृगाचा पाऊस पडला कीं मऊ होऊन चाकाला चिकटते. अजिंठ्याच्या डोंगराचे फांटे जिल्ह्यांतून गेले असल्यामुळें रस्त्यांना चढउतारही आहेत. अशा मुलखांत सायकलस्वाराला पायांच्या बळाइतकीच ब्रेकची काळजी वाहावी लागते. जुन्या सायकलीचा ब्रेक कां ओरडतो आणि एकाच अंगाला कां घासतो, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर ब्रेकच्या इतिहासांत आहे.

१८८५ सालीं स्टार्ले यानें सारख्या उंचीच्या दोन चाकांची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडांत पुढें आणली. त्या काळीं टायर भरीव रबराचे असत आणि चमच्यासारखी एक पट्टी वरून टायरवर दाबली कीं गाडी थांबे. १८८८ सालीं डनलॉप यानें बेलफास्ट येथें हवेचा टायर केला. बसणाराला सुख झालें, पण मऊ टायर त्या चमच्याखालीं झिजूं लागला. तेव्हां ब्रेकचा दाब टायरवरून काढून लोखंडी रिमवर देणें भाग पडलें. त्यांतून दांडीचा ब्रेक रूढ झाला. हिंदुस्थानांतील पिढ्यान्‌पिढ्यांनीं काळ्या सायकलीवर पाहिलेला ब्रेक तो हाच. हँडलखालची मूठ दाबली कीं दांड्या ओढल्या जातात आणि रबरें रिमला आंतल्या बाजूनें भिडतात. हा ब्रेक टिकाऊ खरा. पण चिखलांत त्याची व मडगार्डाची जागा अपुरी पडते आणि चाक अडकून बसतें.

या अडचणीवर कॅन्टिलीव्हर ब्रेक हा एक तोडगा ठरला. महायुद्धापूर्वीं इंग्लंडांत रेझिलियन आणि युद्धानंतर फ्रान्समध्यें माफाक या कारखान्यांचे असे ब्रेक प्रसिद्ध झाले. शेतांतून व चिखलांतून होणाऱ्या सायकलशर्यतींत त्यांचा विशेष उपयोग झाला. १९८० नंतर अमेरिकेंतून डोंगरी सायकलींची लाट आली, तींत हाच ब्रेक जगभर पसरला. १९९६ च्या सुमारास शिमानो कंपनीचा लांब भुजांचा नवा ब्रेक आला आणि याचें राज्य ओसरलें. तथापि जाड टायरांच्या जुन्या सायकलींवर तो अद्याप दिसतो.

याची रचना अशी: चिमट्याच्या दोन पायांवर एकेक खुंटी असते व प्रत्येक खुंटीवर एकेक भुजा फिरते. दोन्ही भुजांचीं टोकें आडव्या तारेनें जोडलेलीं असतात आणि मुठीकडून आलेली तार त्या तारेला मध्यावर धरून वर ओढते. प्रत्येक भुजेला परत फिरविणारी स्प्रिंग मात्र स्वतंत्र आहे. चाकाभोंवतीं मोकळी जागा राहते ती या रचनेमुळें, आणि ब्रेक एका अंगाला जातो तोही या रचनेमुळेंच. कारण दोन स्वतंत्र स्प्रिंगांचें बळ समान राहिलें, तरच रबरें मध्यापासून समान अंतरावर उभीं राहतात.

यावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम चाक पाहावें. तें चिमट्यांत तिरकें बसलें असेल किंवा आऊट झालें असेल, तर ब्रेक कितीही पिळला तरी व्यर्थ. नंतर भुजा खुंटीवरून काढून गंज व वाळलेली माती पुसावी आणि खुंटीला किंचित ग्रीस लावावें. वाशीमच्या मातींत चाललेल्या सायकलीचा अर्धा दोष येथेंच निघण्याचा संभव आहे. मग आडवी तार मध्यावर धरली गेली आहे ना, तें पाहावें. शेवटीं स्प्रिंग: जी भुजा रिमला घासते, तिचीच स्प्रिंग थोडी कसावी. त्यासाठीं भुजेवर बारीक स्क्रू असतो, नाहीं तर खुंटीपाशीं स्प्रिंग अडकविण्याचीं निरनिराळीं भोकें असतात.

आतां आवाजाकडे वळूं. रिमवर तेल असेल, रबर जुनें होऊन कांचेसारखें गुळगुळीत झालें असेल किंवा भुजा खुंटीवर खिळखिळी असेल, तर रबर रिमला सलग न धरतां क्षणांत पकडतें व क्षणांत सोडतें. त्या थरथरीचाच तो कर्कश स्वर. रिम स्वच्छ पुसावी, रबरावर काचकागद फिरवावा आणि रबर अशा बेतानें बसवावें कीं त्याचें पुढचें टोक प्रथम टेकेल व मागें सुमारें १ मिलिमीटर फट राहील. मागच्या टोकाखालीं जाड कागदाची घडी धरून नट आवळला कीं हें सहज साधतें. आवाज बंद करण्यासाठीं रबराला तेल लावणें हा मात्र आत्मघात होय.

याहून मोठा धोका मुका आहे. पुढच्या ब्रेकची मुख्य तार उतारावर तुटली, तर सुटलेली आडवी तार टायरच्या खांचांत अडकून चाक जागच्याजागीं थांबवूं शकते आणि स्वार हँडलवरून पुढें फेकला जातो. पुढचें मडगार्ड असेल तर तें त्या तारेला अडवितें. म्हणून शोभेसाठीं मडगार्ड काढून टाकूं नये, आणि मुठीपाशीं तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला, तरी ती तार त्याच दिवशीं बदलावी. ओरडणारा ब्रेक निदान मालकाला सावध करतो. झिजणारी तार शेवटपर्यंत कांहीं बोलत नाहीं.