चांद्याचा ससा आणि ताडोबाचें तळें

सशानें कुत्र्याच्या पाठीं लागावें, ही गोष्ट कोणाहि शिकाऱ्यास हास्यास्पद वाटेल. परंतु चांदा शहराचा दगडी तट ज्या वळणांनीं गेला आहे, तीं वळणें एका सशाच्या पावलांनीं आंखून दिलीं, असें त्या शहरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. १९६४ सालीं चांद्याचें चंद्रपूर झालें. १९८२ सालीं पूर्वेकडील अरण्यप्रदेश तोडून गडचिरोलीचा निराळा जिल्हा करण्यांत आला. कागदोपत्रीं बरेंच बदललें. ससा मात्र होता तेथेंच आहे.

कथा अशी. पंधराव्या शतकांत खांडक्या बल्लाळशहा नांवाचा गोंड राजा होऊन गेला. त्याच्या सर्वांगावर गांठी उठल्या होत्या व कोणत्याहि औषधानें गुण येईना. राणीच्या सल्ल्यानें त्यानें शिरपूर सोडलें व वर्धा नदीच्या तीरीं बल्लारपूर वसविलें. एके दिवशीं शिकारींत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत उतरला. एका खळग्यांत थोडें पाणी झिरपत होतें. तें तो प्याला, तोंड व हातपाय धुतले. त्या रात्रीं पुष्कळ दिवसांनीं त्याला गाढ झोप लागली. सकाळीं राणी पाहते, तों जेथें जेथें पाणी लागलें होतें तेथें तेथें अंग निर्मळ झालेलें! ती राजाला घेऊन पुन्हा त्या जागीं गेली. वाळू व गवत दूर करतांच खडकांत गाईच्या खुरांच्या पांच खुणा दिसल्या. त्या पाण्यानें भरलेल्या होत्या आणि कितीहि उपसलें तरी पाणी आटेना. राजानें स्नान केलें, व्याधि गेली, स्वप्नांत अचलेश्वरानें दर्शन दिलें, आणि त्या ठिकाणीं देऊळ उभें राहूं लागलें.

देवळाचें काम पाहून राजा परतत असतां झुडपांतून एक ससा निघाला आणि राजाच्या कुत्र्यावर धांवून गेला. कुत्रा पळत सुटला, ससा त्याच्यामागें, राजा घोड्यावरून दोघांच्या मागें. बराच मोठा फेरा झाल्यावर कुत्रा उलटला व त्यानें सशाला मारलें. सशाच्या कपाळावर पांढरा चांद होता. राणी म्हणाली, हा शकुन शुभ आहे; ज्या वाटेनें ससा धांवला त्याच वाटेनें तट बांधावा व आंत नगर वसवावें. या सबंध कथेंत विचार करते ती राणी. राजाच्या वाट्यास तहान आणि झोप याहून फारसें कांहीं आलेलें नाहीं.

मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें १८६९ सालच्या जमाबंदीच्या अहवालांत ही हकीकत नमूद केली, आणि तेव्हांपासून ती इतिहासाच्या पुस्तकांत शिरली. तेथें तिची अडचण सुरू झाली. कारण हाच ससा दुसऱ्या ठिकाणींहि भेटतो. विजयनगरच्या स्थापनेची कथा फर्नांव नूनिझ या पोर्तुगीज व्यापाऱ्यानें सोळाव्या शतकांत लिहून ठेवली, तींत शिकारी कुत्र्यांवर उलटणारा ससा आहे. अहमदाबादेस सुलतान अहमदशहानें १४११ सालीं राजधानी वसविली, तिच्याविषयींहि लोक तेंच सांगतात. एकच ससा तीन राजधान्यांत धांवला असेल, हें कोणाला पटेल?

एवढ्यावरून कथा टाकाऊ ठरवावी, हा निर्णय मात्र उतावळेपणाचा होईल. तट खरोखर असा कां गेला, याचें उत्तर जमीनच देते. शहराच्या पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट. दोन्ही नद्या दक्षिणेस एकत्र मिळतात. पुराचें पाणी थोपवावयाचें आणि शत्रूलाहि थोपवावयाचें, तर भिंत नद्यांच्या कलानेंच जाणार. गवंड्याला सशाची गरज नव्हती. ती राज्याला होती. ज्या भूमींत दुबळा प्राणी बलवानावर उलटतो ती भूमि राजधानीस योग्य, हा या कथेचा सर्वत्र आढळणारा अर्थ. आणि मोठमोठ्या सत्तांच्या मध्यें रानावनांत राज्य उभारणाऱ्या गोंड घराण्याला तो किती जवळचा वाटला असेल, हें सांगावयास नकोच. अबुल फजल यानें ऐने अकबरींत चांद्याच्या बाबजी राजाची नोंद केली आहे: एक हजार घोडदळ, चाळीस हजार पायदळ, आणि ताब्यांत वैरागडची हिऱ्यांची खाण. दिल्लीच्या दृष्टीनें चांदा म्हणजे एवढेंच. आपण येथें कां आहों, हें चांद्याच्या लोकांना स्वतःला सांगावयाचें होतें. त्यासाठीं आंकडे उपयोगी पडत नाहींत.

कथेंतील शहाण्या राणीबद्दल एक तर्क करावासा वाटतो. बीरशहाच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याची राणी हिराई हिनें राज्य सांभाळलें, पतीची समाधि बांधली, महाकालीचें देऊळ उभारलें. तिचा कारभार पाहिलेल्या लोकांनीं जुन्या राणीला अधिक बुद्धि बहाल केली असणें असंभवनीय नाहीं. दंतकथा सांगणाऱ्याच्या काळाचा रंग नेहमींच घेते.

राजधानीच्या कथेपेक्षां निराळ्या जातीची कथा गोंडांच्या घरांत आहे. महादेवानें गोंडांना गुहेंत कोंडलें, लिंगोनें त्यांना सोडविलें, आणि कोणी किती देव पुजावे हें ठरवून त्यांचे गट पाडले. चार, पांच, सहा व सात देवांचे हे गट; सारखे देव असलेलीं कुळें भावकी समजलीं जातात व त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं. म्हणजे ही दैवतकथा केवळ ऐकण्याची गोष्ट नव्हे. मुलीचें लग्न ठरवितांना ती उपयोगांत येते. ती जपण्याचें काम परधानांचें. यजमानाच्या दारीं किंगरी वाजवून ते कुळाची कथा गात. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं एका परधानाच्या तोंडून ती उतरवून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं ती छापली. छापल्यानें ती टिकली, हें खरें. पण पुस्तकाला यजमान नसतो, आणि किंगरी खालीं ठेवलेल्या परधानाच्या मुलाला पुस्तकांतून तो हक्काचा मान परत मिळत नाहीं.

जागा, सांगणारा आणि सांगण्याची वेळ हीं तीन जुळलीं म्हणजे कथा जिवंत राहते. ताडोबाच्या तळ्यावर हें स्पष्ट दिसतें. तेथें कथा दोन आहेत. गोंड सांगतात, तारू नांवाचा गांवचा मुख्य वाघाशीं झुंजतांना मेला व देव झाला. तळ्याच्या कांठीं झाडाखालीं त्याचें ठाणें आहे व पौष महिन्यांत त्याची जत्रा भरत आली. १८७० सालच्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत मात्र दुसरीच कथा आहे. लग्नाचें एक वऱ्हाड तहानेनें व्याकुळ झालें. एका वृद्धाच्या सांगण्यावरून वधूवरांनीं माती उकरली, झरा फुटला, आणि वाढत्या पाण्यानें सारें वऱ्हाड गिळलें. पुढें कांठावर एक ताड उगवला. तो दिवसां वर येई, सांजवेळीं जमिनींत जाई. एक यात्रेकरू त्यावर बसला, तो आकाशांत नेला जाऊन सूर्याच्या ज्वाळांनीं जळाला. ताडाची राख झाली व तेथें देवाची मूर्ति प्रकटली. पहिल्या कथेंत देवाचें नांव माणसावरून आलें, दुसरींत बहुधा झाडावरून. इतिहासाच्या दृष्टीनें पहिली अधिक संभवनीय. पण तळ्याची भीति दुसरींतच आहे.

त्या तळ्यांतून म्हणे यात्रेकरूंना हांकेसरशीं भांडीं मिळत. स्वयंपाक झाला कीं घासून परत करावयाचीं. एकानें तीं घरीं नेलीं, तीं नाहींशीं झालीं, आणि तळें देईनासें झालें. अशीं भांडीं देणारीं तळीं महाराष्ट्रांत इतरत्रहि आहेत. गांवाची सामाईक भांडीं लग्नकार्यास आणून परत पोंचविण्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या कथेंतील चोर ओळखावयास वेळ लागणार नाहीं.

१९५५ सालीं ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं शेजारीं अंधारीचें अभयारण्य, आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. वाघ राखले गेले, हें मोठेंच काम. पण रानांतील कांहीं गांवें बाहेर हलविण्यांत आलीं. ज्यानें वाघाशीं झुंज दिली तो देव वाघांच्या राखीव रानांत राहिला आणि त्याची कथा सांगणारे कुंपणाबाहेर गेले. आज तळ्याकांठीं गाडी थांबते ती वाघासाठीं. तारूचें नांव वाटाड्याच्या तोंडून दोन वाक्यांत ऐकूं येतें. शांत रात्रीं तळ्याभोंवतीं ढोल व तुताऱ्या वाजत गेल्यासारख्या ऐकूं येतात, असें पूर्वीं आसपासचे लोक सांगत. आणि म्हातारे म्हणत, एका अवर्षणाच्या वर्षीं पाणी फार खालीं गेलें, तेव्हां तळाशीं बुडालेल्या देवळाचे सोन्याचे कळस चमकतांना दिसले होते.