कर्नलसाहेबाचा नैवेद्य

शिरूर, म्हणजे घोडनदी, ही इंग्रजांची जुनी छावणी. तेथे १८०९ साली कर्नल वॉलेस वारला. गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ मानले आणि सुगीचे पहिले धान्य ते त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवू लागले. साहेब असा आपला झाला; पण त्याच्या मुलखातले नाताळचे पेय, एगनॉग, आपल्या चुलीपर्यंत आले नाही. अडले ते अंड्यापाशी!

दौंडहून १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला, आणि नाना मुलखांची माणसे तेथे नांदू लागली. तेथल्याच एका ख्रिस्ती रेल्वेवाल्यांच्या घरी आजींनी मला ते पेय करून दाखविले. बलक साखरेत घोटायचा, त्यात कढत दूध धारेने सोडायचे, मंद आचेवर पळीला थर धरेपर्यंत ढवळायचे. उकळी आली की ते फाटलेच. मग मोठ्यांच्या पेल्यात थोडी रम, आणि सर्वांच्या पेल्यात किसलेले जायफळ.

वास आला तो थेट कोजागरीच्या दुधाचा! जायफळ मूळचे दूरच्या बांदा बेटांचे. गलबतांतून ते विलायतेला गेले, तसेच आमच्या बासुंदीतही उतरले. ज्याला आपण परके म्हटले, त्याचा सुगंध आपल्याच फडताळात होता. थडग्यापुढे धान्य ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे न शिकविताच उमगले होते.