मास्टर रामचंद्रांची साक्ष

श्रद्धा हा भावनेचा प्रांत, तिथे बुद्धीचं काय काम, असं नास्तिक म्हणतात आणि कितीतरी भाविकही म्हणतात. ख्रिस्ती झालेल्या सुशिक्षितांविषयी तर हा निवाडा आधीच ठरलेला असतो: बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी गहाण ठेवली. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचं (१८२१–१८८०) चरित्र या मताच्या आड येतं.

रामचंद्र दिल्ली कॉलेजात शिकवत. कलनाचा आधार न घेता निव्वळ बीजगणिताने महत्तम-लघुतमाची उदाहरणं सोडवणारा त्यांचा ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यात निघाला. इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या खटपटीने तो १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला. देव आहे, पण धर्मग्रंथ कशाला, विवेक पुरे, अशी त्यांची आधीची भूमिका होती. शिकलेले इंग्रज मनातून धर्म मानत नाहीत, असंही ते धरून चालले होते. मग एकदा ते काश्मिरी गेटच्या सेंट जेम्स चर्चमध्ये उपासना पाहायला गेले. तिथे इंग्रज माणसं गुडघे टेकून, मनापासून प्रार्थना करताना दिसली.

पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, दृश्याने भारावले! रामचंद्र स्वतः मात्र वेगळं सांगतात: आपला समज खोटा ठरला, म्हणून बायबल वाचावंसं वाटलं. पुढे वाचन झालं, इतर धर्मग्रंथांशी ताडून पाहणं झालं, आणि जुलै १८५२ मध्ये बाप्तिस्मा. न तपासता धरलेली गोष्ट होती ती त्यांच्या विवेकवादातली एक ऐकीव समजूत. पुरावा समोर येताच ती सोडणं, हे बुद्धीचंच काम.

पंडिता रमाबाईंचा दाखला उलट बाजूने दिला जातो, आणि तो वजनदार आहे. बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, तरी ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला नंतर गवसला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मान्य. पण बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून त्या त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर कडाडून भांडल्या. स्वतः विचार करून ठरवण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. आणि तो हृदयाचा अनुभव आल्यावर त्यांनी काय केलं? हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत ते काम सोडलं नाही. भावनेच्या भरात कुणी व्याकरण घोकत नाही.

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. संपादक होते इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक अ. भि. शहा. श्रद्धावंतांच्या बुद्धीविषयी निवाडा देणाऱ्यांनी आधी तो वाचावा.